जुने एगकप आणि चिनीमातीच्या चिमुकल्या वस्तू : बाजारापासून कपाटापर्यंतचा क्रम

जुनी चिनीमाती बाजारात सहसा फुटत नाही. ती घरी आणल्यावर, पहिल्याच संध्याकाळी, बेसिनमध्ये फुटते. वस्तू आणली की नळाखाली धरायची, डाग दिसला की ब्लीच ओतायचं, तुकडा निघाला की झटपट डिंक लावायचा, असा क्रम बहुतेक जण लावतात आणि मग 'बघता बघता रंगच गेला हो' म्हणून फोटो पाठवतात. साहित्य तेच, हात तेच, चुकतो तो क्रम. म्हणून इथे क्रमावरच भर दिला आहे.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. उकडलेलं अंडं कपात उभं ठेवून चमच्याने खायची पद्धत आपल्याकडे घरोघरी नव्हती. त्यामुळे सोलापुरात एगकप मिळतो तो बहुधा भलत्याच कामाला जुंपलेला असतो. कुणी त्यात कुंकू ठेवलेलं असतं, कुणी हळद, कुणी वात लावलेली असते, तर कुणी उदबत्ती खोचलेली असते. आधी त्याचा वापर कशासाठी झाला हे ओळखलं की डाग कसला आहे आणि तो निघेल का, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

## १. निघण्याआधी

सगळंच गोळा करायचं ठरवलं तर वर्षभरात कपाटाचं अडगळीचं माळं होतं. एखादी मर्यादा घालून घ्या. फक्त एगकप, किंवा फक्त प्राणी, किंवा फक्त जपानी, किंवा तळहातावर मावेल तेवढंच. मर्यादा कुठलीही चालेल, पण ती खिशात पैसे घेऊन उभं राहण्याआधी ठरलेली हवी.

पिशवीत एवढं असू द्या :

- छोटी पण प्रखर टॉर्च
- दहापट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळजी वापरतात तसलं)
- नोटा तपासायची अतिनील टॉर्च
- कापूस, दोन-चार इअरबड, पाण्याची छोटी बाटली
- मोजपट्टी
- झाकणाचा कडक डबा, आणि किराणा दुकानात मिळणारा अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, कापून डब्यात बसेल असा

हा ट्रे फार कामाचा. तीन-चार सेंटीमीटरचे कुत्रे, बदकं, ससे त्याच्या खळग्यांत एकमेकांना न लागता बसतात. कापसात गुंडाळू नका, कापसाचे तंतू कानाशेपटीत अडकतात आणि ते ओढून काढताना कान तुटतो.

आणखी एक गोष्ट घरीच करून बघा. एखादं पोल्ट्रीचं अंडं घेऊन त्याचा सर्वांत रुंद भाग मोजा. साधारण साडेचार सेंटीमीटरच्या आसपास भरतो. एगकपाचं तोंडही त्याच मापाचं असतं आणि उंची बहुधा पाच ते साडेसहा सेंटीमीटर. मेणबत्तीचा स्टँड, दारूचा इवलासा पेला, टूथपिकची कुपी हे सगळं 'एगकप आहे साहेब' म्हणून पुढे केलं जातं, तेव्हा मोजपट्टी वाद मिटवते. गावरान अंडं मापाला घेऊ नका, ते लहान असतं आणि चांगल्या कपातही खोल बुडतं. दोन्ही टोकांना वाटी असलेला, एक लहान आणि एक मोठी, असा कपही असतो. तो तुटून जोडलेला नसतो, त्याची घडणच तशी असते.

## २. कुठे शोधायचं आणि कधी

सोलापुरात पहिला पत्ता मंगळवार बाजार. जुन्या भांड्याकुंड्यांच्या ढिगात, पितळी कुलपं आणि तुटके स्पीकर यांच्या मधोमध चिनीमाती पडलेली असते. सकाळी लवकर जा, दोन कारणांनी. तिरप्या कोवळ्या उन्हात तडा दिसतो, तो दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात दिसत नाही. आणि एप्रिल-मे महिन्यांत अकरानंतर तापलेल्या फरशीवरची वस्तू हातात धरवत नाही, मग तपासणार काय?

दुसरा पत्ता भंगारवाले. रेल्वे लाइन्स भागातला एखादा जुना बंगला किंवा गावातला वाडा पाडायला निघाला की त्यातलं लाकूड, लोखंड आधी जातं आणि कपबशा पोत्यात भरून शेवटी येतात. ओळखीच्या भंगारवाल्याला एवढंच सांगून ठेवा की 'मामा, चिनीमातीचं पोतं आलं तर आपटू नका, आधी मला फोन करा.' पैशांपेक्षा या एका वाक्याचा उपयोग जास्त होतो.

सोलापूरकराला दोन्हीकडचे बाजार हाताशी आहेत हे विसरू नका. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याचा जुना बाजार आणि हैदराबादच्या गाडीने तिथला गुरुवारचा जुमेरात बाजार. मात्र मुंबईचा चोर बाजार नवशिक्याने शेवटी ठेवावा. तिथल्या विक्रेत्यांना वस्तूही कळते आणि तुमचा चेहराही.

घासाघीस करताना दोष मोठ्याने मोजून दाखवायची सवय बऱ्याच जणांना असते. तिने विक्रेता चिडतो आणि 'ठेव बे खाली' ऐकावं लागतं. वस्तू खाली ठेवा, दुसरी उचला, मग पहिलीचा भाव विचारा.

सावध : देवळातलं, उत्खननातलं किंवा 'शेतात नांगरताना सापडलं' असं सांगून कुणी काही देऊ केलं तर हात लावू नका. पुरावशेष व कलानिधी कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेषात मोडू शकते आणि पुरावशेष परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या भावाला भेट म्हणून जुना कप कुरिअर करण्याआधी पुरातत्त्व खात्याचं 'पुरावशेष नाही' असं प्रमाणपत्र लागेल का, ते विचारून घ्या.

## ३. हातात घेतल्यावर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा जरा सावकाश वाचा.

आधी ओळखा, ती चिनीमातीच आहे का. शोभेच्या छोट्या वस्तूंत प्लॅस्टर ऑफ पॅरिस आणि कच्च्या शाडूच्या वस्तू सर्रास मिसळलेल्या असतात, वर चकचकीत वॉर्निश फासलेलं. घरी नेऊन भिजवलं की चिखल. बूड उलटं करा. न रंगवलेल्या जागी नख घासा. भुकटी निघाली तर प्लॅस्टर किंवा कच्ची माती. नाही निघाली तर त्याच जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. झटकन शोषला गेला तर भाजलेली सच्छिद्र माती. तिच्यावर झिलई (भट्टीत भाजलेला काचेसारखा चकचकीत थर) असली तरी आतून ती पाणी पिते, आणि पुढची सगळी साफसफाई या एका थेंबावर ठरते. थेंब तसाच उभा राहिला तर पोर्सिलेन, बोन चायना किंवा स्टोनवेअर (दगडासारखी घट्ट भाजलेली जाड माती). मग आतून टॉर्च लावा. प्रकाश आरपार आला तर पोर्सिलेन किंवा बोन चायना. बोन चायनात हाडांची राख मिसळलेली असते आणि तिचा पांढरा रंग किंचित दुधाळ, उबदार दिसतो.

मग काठ. डोळे मिटून अंगठ्याचं टोक काठावरून पूर्ण एक फेरी फिरवा. डोळ्याला न दिसणारा टवका बोटाला लागतो. कपाचा काठ आणि बुडाची कडा, दोन्हीकडे फिरवा. प्राण्यांच्या मूर्तीत कान, शेपूट, चोच, शिंग यांची टोकं बघा. टोक गोल आणि चकचकीत असेल तर मूळचं. पांढरं, खरखरीत असेल तर टवका उडालेला. टोक गोल आहे पण चमक शेजारच्या भागापेक्षा वेगळी आहे, तर कुणीतरी घासून रंगवलेलं.

मग आवाज. एगकप तळहातावर ठेवा, मुठीत धरू नका, आणि काठाला नखाने हलकी टिचकी मारा. खणखणीत, लांबत जाणारा आवाज आला तर चांगलं. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. सच्छिद्र मातीचा आवाज मुळातच बसका असतो, त्यामुळे आवाजावरून निकाल देण्याआधी थेंबाची परीक्षा झालेली हवी. पोकळ मूर्तीला टिचकी मारू नका, काही कळत नाही.

मग प्रकाश. टॉर्च आडवी धरून पृष्ठभागावरून फिरवा. झिलईत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील तर त्या झिलईपुरत्या असतात. झिलई आणि आतली माती वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन-प्रसरण पावतात म्हणून त्या पडतात. तडा वेगळा. तो काठापासून निघतो, एकटा जातो आणि आतून-बाहेरून एकाच जागी दिसतो. जाळीला फार घाबरू नका. तड्याला घाबरा.

शेवटी अतिनील टॉर्च. सावलीत, जमल्यास पिशवीच्या आत धरून. जुनं जोडकाम आणि वरून मारलेला रंग आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळा उजळतो, कधी दुधी, कधी पिवळट, कधी नुसता काळपट ठिपका. काय उजळलं याला फार महत्त्व नाही. एकाच अंगावर दोन तऱ्हा दिसल्या की समजायचं.

तपासा : बुडावर एकमेकांपासून सारख्या अंतरावर तीन बारीक खुणा दिसल्या तर तो दोष नाही. भट्टीत वस्तू ज्या टेकूवर ठेवतात त्याच्या त्या खुणा. तसंच चिरेच्या आत झिलई उतरलेली असेल तर ती चीर भट्टीतच पडलेली आहे, नंतर वाढण्याची भीती कमी. या दोन गोष्टींमुळे चांगली वस्तू सोडू नका.

आता थोडं बनावट जुनेपणाविषयी. बुडाची कडा खरोखर झिजलेली असेल तर ओरखडे वेड्यावाकड्या दिशांना जातात आणि जास्त टेकणाऱ्या भागावर दाट असतात. पॉलिशपेपरने घासलेल्या बुडावर ते एकाच दिशेला, सगळीकडे सारखे असतात. जाळीत चहाचा रंग मुरवलेला असेल तर तो आतबाहेर एकसारखा तपकिरी दिसतो. खरा डाग जिथे हात लागतो, जिथे पाणी साचतं, तिथे जास्त असतो. रंगकाम भिंगाखाली धरा. बारीक ठिपक्यांची रांग दिसली तर छापलेलं चित्र, ब्रशची जाड-पातळ रेघ दिसली तर हाताचं.

## ४. बुडाचा शिक्का वाचताना

शिक्का वस्तू किती जुनी असू शकते याची एक बाजू सांगतो, पूर्ण तारीख सांगत नाही. एवढं पाठ असलं तरी बाजारात पुरतं :

- 'इंग्लंड' असं देशाचं नाव असेल तर बहुधा १८९१ नंतरची. अमेरिकेच्या आयात कायद्याने देशाचं नाव घालणं तेव्हापासून सक्तीचं झालं. 'मेड इन इंग्लंड' हे बहुधा विसाव्या शतकातलं.
- 'निप्पॉन' असेल तर १९२१ च्या आधीची, 'जपान' असेल तर त्यानंतरची, असा ढोबळ नियम. 'ऑक्युपाइड जपान' हा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्तांच्या ताब्यात होता त्या काळातला, म्हणजे १९५२ पर्यंतचा.
- 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० च्या दरम्यानची.
- ब्रिटिश वस्तूवर 'आरडी नंबर' आणि पुढे आकडा असेल तर तो नोंदणीकृत नक्षीचा किंवा आकाराचा क्रमांक. ही पद्धत १८८४ पासूनची. आकडा नक्षी कधी नोंदली ते सांगतो. कप त्यानंतर कितीही वर्षांनी भाजलेला असू शकतो.

इंग्लंडच्या वेड कंपनीचे 'व्हिम्झीज' नावाचे इवले प्राणी १९५० च्या दशकापासून निघाले. त्यांच्या बुडावर नाव छापलेलं नसून साच्यातच उठावाने आलेलं असतं, ते भिंगाशिवाय सहज सुटतं. आपल्याकडच्या बेंगॉल पॉटरीज, ग्वाल्हेर पॉटरीज यांच्या कपांना लोक नाक मुरडतात. माझ्या मते ही चूक आहे. विलायती शिक्क्याचे कप जगभर पुष्कळ आहेत आणि त्यांच्यावर भरपूर लिहिलेलं आहे. देशी कारखान्यांचे एगकप, रेल्वे आणि क्लबांची नावं असलेले कप मात्र अजून पोत्यातून भंगारात चालले आहेत.

शिक्का नाही म्हणून वस्तू टाकाऊ ठरत नाही. कित्येक एगकप संचातले असायचे आणि शिक्का फक्त मोठ्या भांड्यावर मारलेला असायचा.

सावध : शिक्का झिलईच्या वर असेल आणि नखाला जाणवत असेल तर तो नंतर मारलेला असण्याची शक्यता धरा. खोटे 'निप्पॉन' आणि 'ऑक्युपाइड जपान' पुष्कळ फिरतात.

ऑनलाइन घेत असाल तर बुडाचा, काठाचा वरून आणि आतल्या बाजूचा असे तीन फोटो मागा. विक्रेता सुंदर पार्श्वभूमीवरचे समोरचेच फोटो परत परत पाठवत असेल तर पुढे जा.

## ५. पहिली संध्याकाळ : पाणी लावायचं नाही

वस्तू घरी आली. आता काही करू नका. उन्हाळ्यात बाहेरून आलेली वस्तू तापलेली असते. ती थंडगार पाण्यात बुडवली तर आधीचा लपलेला तडा उघडा पडतो. रात्रभर घरात राहू द्या.

तेवढ्यात नोंद करा. एका वहीत क्रमांक, कुठून घेतली, किंमत, उंची मिलिमीटरमध्ये, शिक्का, दोष. चार बाजूंनी आणि बुडाचा, असे फोटो. धुण्याआधीचे फोटो लागतातच, कारण रंग गेला की तो आधीपासून गेलेला होता की तुम्ही घालवला, यावर घरात वाद होतो. क्रमांक चिकटपट्टीवर लिहून वस्तूला लावू नका. सोनेरी रेघेवरून चिकटपट्टी निघाली की रेघही सोबत घेऊन निघते. कागदाची चिठ्ठी कपाच्या आत टाका, ती पुरते.

दुकानाचं जुनं लेबल चिकटलेलं असेल तर हेअर ड्रायरची मंद ऊब लांबून द्या, मग नखाने कोपरा उचला. उरलेला चिकटा खोबरेल तेलाने सुटतो, पण तेल फक्त झिलईवर. बुडाच्या उघड्या मातीला ते लागलं की कायमचा डाग.

## ६. साफसफाई

६.१ कोरडी. मऊ, रुंद ब्रशने धूळ झाडा. सोलापुरात नुसती धूळ नसते. यंत्रमागांच्या भागातून सुताचा बारीक तंतू उडतो, तो चिकट थर धरतो आणि ओला झाला की लगदा होतो. तो कोरडा असतानाच काढायचा.

६.२ रंगाची परीक्षा. इअरबड कोमट पाण्यात ओला करून, पिळून, लपलेल्या जागी प्रत्येक रंगावर एकदा फिरवा. लाल, सोनेरी, काळा, प्रत्येकाला वेगळा बड. बडाला रंग लागला तर तो भट्टीत न भाजता वरून दिलेला रंग आहे. अशी वस्तू कधीच भिजवायची नाही, तिची साफसफाई कोरड्या ब्रशवर थांबली. ओठ, डोळे, टोपीचा पिसारा हे असे नंतर रंगवलेले असतात, आणि नळाखाली पहिल्यांदा तेच जातात. जपानी कपांवरची नारिंगी, मोतिया झळाळीही फार पातळ असते. तिला चोळणं नाहीच.

६.३ धुणं. प्लॅस्टिकचं टब घ्या, स्टीलचं किंवा दगडी बेसिन नको. तळाशी जाड टॉवेल अंथरा. टॉवेल म्हटलं की सोलापुरी आठवतोच, आणि तळाशी तो उत्तमच आहे, पण त्याने पुसू नका. टॉवेलच्या सुताचे फास बदकाच्या चोचीत किंवा कपाच्या टवक्यात अडकतात, तुम्ही पुढे ओढता आणि चोच टॉवेलमध्येच राहते. पुसायला जुन्या मऊ धोतराचा, नाहीतर सुती साडीचा तुकडा घ्या.

पाणी कोमट, साबण भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब. वस्तू एका वेळी एकच. कपाचा दांडा किंवा मूर्तीची मान धरून उचलू नका, सगळा तळवा खाली द्या. शेवटचं पाणी बोअरचं नको. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, ते सुकताना झिलईवर पांढरी झाक सोडतात आणि जाळीत बसतात. आरओचं पाणी किंवा गाड्यांच्या बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घ्या, पण कॅनवर नीट वाचा. आम्ल मिसळलेलं नको, नुसतं पाणी हवं.

६.४ सुकवणं. सावलीत, जाळीवर, उपडं न ठेवता आडवं. सच्छिद्र माती दिसायला तासाभरात सुकते, आतून दोन-तीन दिवस ओली असते. गच्चीवरच्या उन्हात टाकलं की ओल घाईने बाहेर पडते आणि आतला क्षार झिलईखाली येऊन बसतो. पुढे तिथूनच झिलईचे पोपडे सुटतात.

सावध : घासणी, राख, तांब्या-पितळेची पावडर, चिंच, लिंबू, व्हिनेगर यांपैकी काहीही सोनेरी किंवा झिलईवरच्या रंगकामाला लावू नका. आम्लाने जुन्या रंगातलं शिसंही सुटतं. डिशवॉशरचं तर नावच काढू नका.

## ७. डाग

हळद. हा आपला खास डाग आणि सुदैवाने सगळ्यात सोपा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. धुतलेली, पूर्ण सुकलेली वस्तू सकाळच्या कोवळ्या उन्हात रोज थोडा वेळ ठेवा. काही दिवसांत पिवळा रंग फिका होतो. जोडलेली किंवा वरून रंगवलेली वस्तू मात्र उन्हात नको.

वातीची काजळी आणि तेल. काजळी साबणाने निघते. जाळीत मुरलेलं तेल फार हट्टी असतं. आणि वात लावलेल्या कपाचं बूड पुन्हा तपासा, एकाच जागी ऊब लागून बारीक चीर पडलेली असू शकते.

जाळीतला तपकिरी डाग. इथेच लोक ब्लीच ओततात. ब्लीचने डाग एका रात्रीत जातो हे खरं, पण त्याचे क्षार सच्छिद्र मातीत राहतात आणि काही महिन्यांनी झिलई उचलतात. त्याऐवजी मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड, तीन ते सहा टक्क्यांचं. पद्धत अशी :

1. वस्तू आधी डिस्टिल्ड पाण्यात काही तास भिजवा. कोरड्या मातीवर थेट पेरॉक्साइड टाकलं तर ते डागाला आणखी आत ढकलतं.
2. हातमोजे घालून कापूस पेरॉक्साइडमध्ये भिजवा आणि डागावर बसवा.
3. प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून झाकण सैल लावा. झाकण घट्ट लावलं तर वायू साठतो.
4. दररोज कापूस बदला. चार-सहा दिवसांत फरक दिसला नाही तर थांबा.
5. शेवटी डिस्टिल्ड पाणी बदलत बदलत भिजवा आणि सावलीत पूर्ण सुकवा.

गंजाचा डाग असेल, सोनेरी काम असेल, झळाळी असेल, जुनं जोडकाम असेल तर हा प्रयोग करू नका.

पांढरी बुरशीसारखी लव. लोणच्या-मिठासाठी वापरलेल्या कपावर ती येते. बहुधा ती बुरशी नसते, मातीतून बाहेर येणारं मीठ असतं. पुसून काढली तर परत येते. डिस्टिल्ड पाणी दिवसाआड बदलत भिजवत राहणं हाच इलाज.

## ८. जोडायचं असेल तर

पहिला प्रश्न, जोडायलाच हवं का? काठाचा टवका जोडू नका, तसाच राहू द्या. तुकडे झालेली वस्तू, ज्याचे सगळे तुकडे हातात आहेत, तीच जोडा. तुकडे पिशवीत सुटे ठेवू नका, कडा एकमेकांवर घासल्या की जोड पुन्हा नीट बसत नाही. प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात.

झटपट डिंक चुकीचा, कारण तुकडा जिथे टेकला तिथे धरतो, हलवायला वेळ देत नाही. एपॉक्सी पिवळी पडते आणि सोडवताना कडा खाऊन जाते. संग्रहालयातले जतनतज्ज्ञ जो डिंक वापरतात तो पॅरालॉइड बी-७२. नळीत तयार मिळतो आणि पुढे कधी चुकलं तर अॅसिटोनने सुटतो.

आता सोलापूरकरासाठी महत्त्वाचं. बी-७२ साधारण ४० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतो. आपला मे महिना त्याच्या वर जातो. माळ्यावर, पत्र्याखाली, पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेला जोड हळूहळू सरकतो. तुटतो असंही नाही, नुसता वाकडा होतो. तेव्हा जोडलेली वस्तू घराच्या आतल्या, गार भिंतीच्या कपाटात. जोडलेल्या दांड्यावर वजन कधीच नाही. आणि जोडायचं काम शक्यतो हिवाळ्यात करा.

क्रम असा. तुकडे डिंकाशिवाय एकदा पूर्ण जुळवून बघा आणि कोणता कधी बसतो ते क्रमांकाने लिहा. चुकीच्या क्रमाने जोडलं तर शेवटच्या तुकड्याला आत शिरायला वाट उरत नाही. कडा शुद्ध अॅसिटोनने पुसा, नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि रंग असतो. एकाच कडेला पातळ थर, दाबा, बाहेरून कागदी टेपचे छोटे तुकडे आडवे. टेप सोनेरी रेघ चुकवून. मग वस्तू ज्वारीने भरलेल्या पातेल्यात अशी रुतवा की वरच्या तुकड्याचं वजन जोडावर सरळ खाली पडेल. ज्वारीचे दाणे गोल आणि गुळगुळीत, हव्या त्या कोनात वस्तू उभी राहते. दोन दिवस पातेलं हलवू नका, आणि घरात सांगून ठेवा, नाहीतर संध्याकाळी भाकरीच्या दळणाला जाईल.

बाहेर आलेला डिंक ओला असताना पुसू नका, पसरतो. पूर्ण सुकल्यावर अॅसिटोनच्या बडाने कडेकडेने काढा. जोडाची नोंद वहीत 'दोष' या रकान्यात करा. पुढे कधी विकलीत तर घेणाऱ्याला ती दाखवा.

तपासा : अॅसिटोन पेट घेतं. खिडकी उघडी, गॅस बंद, देवापुढचा दिवा दुसऱ्या खोलीत.

## ९. मांडणी आणि वापर

एगकप एकात एक रचू नका. वरच्याचं बूड खालच्याच्या काठावर बसतं आणि नेमका तिथेच टवका उडतो.

काचेच्या दाराचं कपाट उत्तम. पंख्याच्या झोताखाली, धडाडकन बंद होणाऱ्या दाराशेजारी किंवा रस्त्याकडच्या पातळ भिंतीवर फळी नको. जड गाड्यांच्या हादऱ्याने वस्तू रोज केसाएवढ्या पुढे सरकतात. महिन्याभराने बघितलं तर सगळे ससे फळीच्या कडेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा हादरा सोलापुरातही चांगलाच जाणवला होता, तेव्हा हा विचार निव्वळ हौसेचा नाही. बुडाखाली संग्रहालयात वापरतात त्या मेणाचे मोहरीएवढे तीन गोळे लावा. पोस्टर चिकटवायची निळी पुटी नको, ती उघड्या मातीत तेलकट डाग सोडते.

उघड्या फळीवर मांडणी असेल तर दर आठवड्याला ब्रश, काचेमागे असेल तर वर्षातून दोनदा पुरे. दिवाळीच्या साफसफाईत हे कपाट दुसऱ्या कुणाला देऊ नका. देणं भागच असेल तर सगळ्या वस्तू आधी स्वतः ट्रेमध्ये काढून ठेवा आणि रिकामं कपाट पुसायला द्या.

यात अंडं खायचं का, हे सगळेच विचारतात. नको. जुन्या झिलईत आणि विशेषतः झिलईवरच्या लाल, पिवळ्या, नारिंगी रंगांत शिसं आणि कॅडमियम असू शकतं, आणि बाजारात मिळणारी घरगुती चाचणीपट्टी 'नाही' म्हणाली तरी ती खात्री नसते. लहान मूल घरात असेल तर पोपडे सुटलेली वस्तू त्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. देवघरात कुंकवासाठी वापरायचा मोह होतोच. मग आत छोटी स्टीलची वाटी बसवा, कुंकू तिच्यात ठेवा.

उन्हाळा संपला की जूनमध्ये एकदा सगळे जोडलेले नग बाहेर काढून जोड आडव्या टॉर्चखाली बघा. सरकलेला दिसला तर अॅसिटोनने सोडवा, तुकडे कागदात गुंडाळा आणि थंडी पडेपर्यंत वाट पाहा.